अप्पा आणि पाचवा बदाम

पोकर खेळावं तर मीच! माझ्या तोडीचा गडी नांदेडपासून लातूरपर्यंत शोधून सापडायचा न्हाई. आता आमच्या लोह्यात पोकर खेळणारे एकूण चारच जण आहेत आणि त्यात माझा नंबर चौथा लागतो, ही गोष्ट वेगळी!

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. शाळा मला सातवीतच सोडून गेली. आता धंदा पोरं बघतात, मी गोदाम सांभाळतो. म्हणजे सतरंज्यांच्या थप्पीवर झोपतो. या सतरंज्या झटकल्या की जुन्या लग्नांच्या अक्षता खाली पडतात. कोणतं लग्न, कोणाचा तांदूळ, काही पत्ता लागत न्हाई. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. कोणी झटकलेच न्हाईत, म्हणून साचत गेले. आज थोडे झटकतो. नाकाला रुमाल लावून बसा!

दुपारची जेवणं उरकली की गोदामात आमची बैठक बसते. एक गुरुजी, हदगावला जन्मभर गणित शिकवून रिटायर झालेले. दुसरे हबीबभाई, बसस्टँडसमोरचे टेलर. तिसरे शंकरअप्पा. हे मूळ जळकोटकडचे, घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी. इथं त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो. चौथा मी, दिगंबर. सगळं गाव मला दिगूमामा म्हणतं. अप्पा एकटे दिग्या म्हणतात.

आम्ही आयुष्यभर मेंढीकोट खेळणारी माणसं. पण मागच्या दिवाळीला माझा पुण्याचा भाचा आला आणि पोकर शिकवून गेला. तो गेला, रोग इथंच राहिला!

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते लपवायचे. सतरंजीवर मधोमध आधी तीन पत्ते उघडायचे, मग एक, मग आणखी एक. त्या सातांतून आपले चांगले पाच जुळवायचे, आणि प्रत्येक उघडणीला बोली लावायची. समोरच्यानं तेवढेच लावायचे, न्हाई तर डाव सोडून उठायचं. पाचही एकाच जातीचे निघाले, समजा पाच बदाम, तर तो फ्लश. फ्लशपुढं भलेभले आडवे होतात.

बोली पैशाची न्हाई. "पैसा आला की मी उठलो," अशी गुरुजींची पहिल्याच दिवशी तंबी. म्हणून आम्ही चिंचोके लावतो. शनिवारी ज्याच्याकडं ढीग मोठा, त्यानं पुढचा हप्ताभर नवरदेवाच्या सिंहासनावर बसून खेळायचं. लाल मखमल, सोनेरी सिंह! गुरुजी त्यावर बसले की त्यांचं पुन्हा लग्न लावावं असं वाटतं.

*

पहिल्याच महिन्यात भानगड झाली. अप्पांचे चिंचोके संपेचनात. हरायचे, खिशात हात घालायचे, पुन्हा मूठभर काढायचे!

गुरुजी म्हणाले, "अप्पा, तुमच्या खिशाला तळ हाय का न्हाई?"

मग हबीबभाईला आठवलं. अप्पांच्या शेतात, बांधावर चिंचेची दोन झाडं! आम्ही तिघं मूठमूठ चिंचोके जपून खेळत होतो, आणि अप्पा पोत्याला हात लावून बसले होते.

"हे बेकायदेशीर हाय," गुरुजी म्हणाले.

"कामून? झाड माझं, चिंच माझी, चिंचोका तेवढा सरकारचा व्हय?"

शेवटी मी तोडगा काढला. मंडपाच्या पाइपांना लावायचा गुलाबी ऑइलपेंट काढला आणि खेळातले सगळे चिंचोके रंगवले. गुलाबी असेल तोच चालणार, बाकीचे बाद!

चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी अप्पा डुलत आले आणि सतरंजीवर मूठभर रंगवलेले चिंचोके ओतले. भडक शेंदरी!

हबीबभाई म्हणाला, "अप्पा, ये क्या? मारुतीकू हात लगाके आये क्या?"

अप्पा ठसक्यात म्हणाले, "का? तुमच्या पेंटापेक्षा माझा पेंट चांगला बसला, म्हणून पोटात दुखून राहिलं का?"

तवा आम्ही लोळून हसलो. वाटलं, म्हातारा काय बेरकी आहे!

*

अप्पांचं दुसरं दुखणं म्हणजे ते उठत न्हाईत. हातात एका जातीचे चार पत्ते जमले की पाचव्याची वाट बघत बसतात. तुम्ही पाच लावा, पन्नास लावा, गोदाम लावा! अप्पा थांबणार.

गुरुजींनी आम्हाला यावरचा इलाज शिकवला. म्हणाले, "चार बदामवाला माणूस म्हणजे स्टँडवर एसटीची वाट बघणारा प्रवासी. एकच पत्ता उघडायचा राहिला असंल, तर त्याची एसटी पाचात एकदा येते. आपल्या हातात आत्ता जुळलेला डाव असंल, तर त्याला फुकट थांबू द्यायचं न्हाई. थांबायचं भाडं घ्यायचं! मधात जेवढा ढीग असंल त्याच्या निम्मं तरी लावा. मग त्याला थांबणं परवडत न्हाई. शहाणा असंल तर उठून जाईल."

"आणि शहाणा नसंल तर?" मी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "तर अजून चांगलं. पाचात चारदा तो भाडं भरून पायी घरी जाईल."

त्याच दुपारी गुरुजींकडं तीन एक्के आले. अप्पा चार किल्वर घेऊन पाचव्याच्या वाटेवर बसलेले. गुरुजींनी शांतपणे चिंचोके मोजले, ढिगाच्या निम्मे लावले आणि पोराला समजावतात तसं म्हणाले, "अप्पा, गणितानं सांगतो, आता उठा. हे तुम्हाला परवडायचं न्हाई."

अप्पा म्हणाले, "गुरुजी, पोराच्या लग्नाला मी चार वर्षं स्थळं बघितली. एका पत्त्यासाठी थांबणार न्हाई व्हय?"

आणि बसले. आणि आला की पाचवा किल्वर!

गुरुजी त्या दिवशी चहा न पिता घरी गेले. जाताना नुसतं म्हणाले, "पाचात एकदा."

*

हबीबभाईची रीत उलटी. त्याच्या हातात कितीही मोठा डाव असो, तो एकच चिंचोका लावणार. डाव जुळलेला असताना समोरच्याला इतकं स्वस्तात थांबवू नये, हे त्याला तीनदा सांगून झालं. पण स्वभाव!

"जाने दो मियाँ, थोडा बैठने दो ना अप्पाकू. घर आया मेहमान है. उठाके कैसा भेजना?"

मेहमान एका चिंचोक्यात बसायचा, पाचवा पत्ता घ्यायचा आणि हबीबभाईचा अख्खा ढीग घेऊन जायचा. असं लागोपाठ तीन दिवस झालं.

गुरुजी तडकले, "हबीबभाई, पाहुण्याला फुकट जेवू घातलं की तो मुक्काम करतो!"

हबीबभाईनं शर्टाचं काज करता करता वर बघितलं. म्हणाला, "गुरुजी, जेवणेकू तो ठीक है जी. ये तो जाते जाते मेरा तवा बी ले जारा!"

*

आता मी काय केलं ते सांगतो. चांगलं केलं न्हाई, पण लई मजा आली.

माझ्या लक्षात आलं होतं की वाटेवर असले की अप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. काय पुटपुटतात ते मात्र ऐकू येत न्हाई. मंडपाबरोबर माझ्याकडं लाऊडस्पीकरचाही धंदा, माइकाला काय तोटा? एक छोटा माइक अप्पांच्या बसायच्या जागी सतरंजीखाली सरकवला, आणि गोदामावरच्या कर्ण्याला जोडला.

खेळ सुरू झाला. अप्पांना चार बदाम लागले. आणि साऱ्या लोह्याच्या बाजारात आवाज घुमला. लोण्यासारखा मऊ, गोड, लाडीक आवाज,

"बारव्वा... बारव्वा... बा, बा, बा..."

कानडीत ये गं बाई, ये म्हणतात तसं! बाजारात माणसं थांबली. भाजीवाल्या बायका वर बघायला लागल्या. स्टँडवरच्या कंडक्टरनं घंटी मारायची थांबवली.

अप्पांना वाटलं, बाहेर कोणाच्या तरी लग्नाचं काही चाललंय. ते आपले चालूच!

अप्पांचं घर गोदामाच्या मागच्या गल्लीत. तिथून शांताक्का, म्हणजे अप्पांची बायको, पदर खोचून तरातरा आल्या. दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझी पाठ सोलून निघणार. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. अप्पांकडं बघून म्हणाल्या,

"लग्न झाल्यापासून मला एकदा तरी असं बोलावलं का हो?"

आणि कर्ण्यावरून सगळ्या बाजाराला तेही ऐकू गेलं!

*

मग एक दिवस अप्पांनी चिंचोक्यांचा ढीग ओढत पत्ते आपटले. "फ्लश!"

आम्ही बघितलं तर चार बदाम आणि एक चौकट.

"अप्पा, ही चौकट हाय."

"बदाम हाय."

"अप्पा, चौकट!"

"तुमी तिघं एक झालात," अप्पा म्हणाले आणि सिंहासनाकडं पाठ करून बसले.

आम्हाला वाटलं, चिंचोक्यांसारखीच ही पण लबाडी. पण दुसऱ्या दिवशी हबीबभाई दुकानातून धावत आला. त्याच्या दुकानाबाहेर शेरवानी घातलेला एक पुतळा उभा असतो. अप्पा रस्त्यानं चालले होते, पुतळ्यापुढं थांबले, हात जोडून त्यांच्या लिंगायती रिवाजानं नमस्कार घातला, "शरणार्थी! कधी आलात उदगीरहून?" पुतळा काय बोलणार? अप्पांनी पुन्हा विचारलं. मग भडकले आणि दुकानात येऊन हबीबभाईला म्हणाले, "तुझ्या गिऱ्हाइकाला लई माज आलाय!"

हे सांगताना हबीबभाई हसत हसत खाली बसला, आणि बसल्यावर हसायचा थांबला. म्हणाला, "मामा, अप्पाकू दिखताच नै."

शेंदरी चिंचोके, चौकटीचा बदाम, सगळं एका झटक्यात उजेडात आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. घरच्यांना माहीत होतं. अप्पांनाही माहीत होतं! पण ऑपरेशनचं नाव काढलं की अप्पा पुढची तारीख सांगायचे. आधी सोयाबीन निघू दे. मग थंडी सरू दे. मग सुनेचं बाळंतपण होऊ दे.

गुरुजी म्हणाले, "तिथंबी वाटच बघून राहिले."

त्याच संध्याकाळी शांताक्का माझ्याकडं आल्या. या खेपेला पदर खोचलेला नव्हता. म्हणाल्या, "मामा, काल ह्यांनी अंगणात मोपेड घातली. नात खेळत बसली होती. हातभर राहिलं. आमचं ऐकत न्हाईत हो. तुमचं ऐकतील, काही तरी करा."

माझी सारी हयात टिंगलीत गेली. मला काही तरी करा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. काही करू नका, असंच म्हणतात.

*

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना म्हटलं, "आज आपण दोघंच. सारखे चिंचोके घेऊ. ज्याचे संपले तो हरला. तुमी हरलात तर हप्त्याच्या आत लातूरला जाऊन डोळा करायचा. बोला."

"आणि तू हरलास तर?"

"तुमी म्हणाल ते."

अप्पा म्हणाले, "मिशी."

पंधरवड्यावर माझ्या नातवाचं लग्न. लातूरची पार्टी, नवे व्याही, आणि मी तिथं बिनमिशीचा उभा राहणार? आमच्या घराण्यात बाप असेपर्यंत मिशीला वस्तरा लागत न्हाई, आणि बाप गेल्यावर एकदाच काढून पुन्हा वाढवलेली ही मिशी! घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ठेवा की पणाला. माझं काय जातंय?"

बसलो. गुरुजी पत्ते वाटणार, हबीबभाई साक्षीला.

पहिले काही डाव इकडंतिकडं झाले. मग माझ्या हातात दोन राजे आले. गुरुजींनी मधात तीन पत्ते उघडले. किल्वरचा राजा, बदामची नव्वी, बदामची चव्वी.

माझे तीन राजे जुळले! आणि समोरून हळूच आवाज आला, "बारव्वा..."

म्हणजे अप्पांच्या हातात दोन बदाम. खाली दोन. चार झाले. अजून दोन पत्ते उघडायचे होते. त्यात एक बदाम पडला की माझे तिन्ही राजे मेले, मिशी गेली, आणि ते तर जाऊ द्या, अप्पांचा डोळा गेला!

आता किती लावायचं? हबीबभाईसारखा एक चिंचोका लावला, तर म्हातारा फुकटात दोन्ही पत्ते बघणार. गुरुजींसारखं ढिगाच्या हिशोबानं लावलं, तर तो थोडं भाडं भरून थांबणार, आणि हरला तरी उरलेल्या चिंचोक्यांवर आठवडाभर खेळत बसणार. तोवर अंगणात मोपेड चालूच! आणि सगळे लावले तर? शहाणा माणूस उठून जाईल. गेला, तर माझ्या हाती काय लागलं? मूठभर चिंचोके.

घाम फुटला मला. गुरुजी छताकडं बघत होते. हबीबभाईनं सुई उलटी धरली होती.

मग डोक्यात उजेड पडला. अरे, हा शंकरअप्पा आहे! हा कधी उठलाय? उठणाऱ्याला किती लावून उठवायचं, हा हिशोब शहाण्यांचा. जो उठतच न्हाई, त्याला स्वस्तात कशाला बसवायचं?

मी दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढं ढकलला. "सगळे!"

अप्पांनी माझ्या दिशेनं बघितलं. नेम थोडा चुकून ते खांबाकडं बघत होते, पण बघितलं. "दिग्या, पुन्हा इचार कर. मिशी हाय."

"डोळा हाय अप्पा."

"लावले!"

चौथा पत्ता, किल्वरची दुर्री. माझा जीव भांड्यात पडला, अर्धाच. अप्पांची आता तर खुलेआम आळवणी चालली होती, "बारव्वा, बा, बा!" गुरुजींनी शेवटचा पत्ता उलटला.

लाल!

अप्पा बसल्या जागेवरून उडाले. "फ्लश! आणा वस्तरा! हबीब, तुझी कातरी आण आधी!"

हबीबभाई पत्त्यावर वाकला. मग हळूच म्हणाला, "अप्पा... चौकट है जी. चौकटकी सत्ती."

"खोटं! पुन्हा तिघं एक झालात!"

अप्पांनी पत्ता उचलला. हातातले दोनही घेतले. दारात गेले, उन्हात उभे राहिले. एकेक पत्ता नाकाला लावून बघितला. तिरपा धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. अंगठ्यानं पुसला सुद्धा.

मग त्यांनी तिन्ही पत्ते गुरुजींच्या हातात दिले. गुरुजींनी बघितलं. हातातली बदामची राणी खरी होती. पण तिच्या शेजारची पंजीसुद्धा चौकटची! म्हणजे ज्या चार बदामांच्या भीतीनं मला घाम फुटला, ते चार नव्हतेच. तीनच होते. एसटी सुटलीच नव्हती, आणि आम्ही दोघंही स्टँडवर उभे!

मला इतकं हसू आलं की मी थप्पीवरून खाली आलो. हबीबभाई हसला, गुरुजी हसले. अप्पा दारातच उभे होते. हसणं थांबल्यावर बाहेर उन्हाकडं बघत त्यांनी विचारलं,

"कोणचा डोळा आधी करतेत?"

*

लातूरच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. आत जाताना त्यांनी माझा हात असा धरला होता की बोटं दोन दिवस दुखत होती. बाहेर आले तेव्हा डॉक्टरला म्हणाले, "एवढंच व्हय? मग आधी सांगायचं न्हाई का?" डॉक्टर बिचारा पहिल्यांदाच भेटत होता!

पट्टी निघाली, काळा चष्मा चढला. चार दिवस घरात कोंडून घातलं होतं. मग उजाडलं नातवाचं लग्न. लातूरचं मोठं मंगल कार्यालय, मंडप माझाच, सिंहासन तेच. मी फेटा बांधून, मिशीला तूप लावून, पीळ भरून व्याह्यांपुढं मिरवत होतो. तेवढ्यात दारातून अप्पा आले. मागं शांताक्का, नातीला कडेवर घेऊन.

अप्पा कोणाचा हात न धरता सरळ पायऱ्या चढून स्टेजवर आले. मी मिशीवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"बघा अप्पा! वाचली का न्हाई?"

अप्पांनी काळा चष्मा काढला. किती तरी वर्षांनी त्यांनी माझं तोंड नीट बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. जवळ येऊन, पत्ता बघतात तसं बघितलं. माझे नवे व्याही, गुरुजी, हबीबभाई, सगळे थांबून राहिले.

मग अप्पा म्हणाले,

"ही? ही लावली व्हतीस तू? अरे दिग्या, हे असं हाय म्हणून माहीत असतं, तर मी त्या दिवशी पहिल्याच पत्त्याला उठलो असतो!"